गच्चीतला एआयएस रिसीव्हर आणि रस्ट: परका बायनरी डेटा बिनधोक कसा वाचायचा

मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून साठेक मीटर उंचीवर, एखाद्या घराच्या गच्चीत व्हीएचएफ अँटेना लावली की एआयएसवर (जहाजं आपली जागा, वेग आणि नाव रेडिओवरून सतत सांगतात ती यंत्रणा) २५ मीटर उंचीवर अँटेना असलेलं जहाज साधारण ५० किलोमीटरवरून ऐकू येतं. जयगडला कोळसा आणणारी जहाजं, मुंबई आणि कोचीच्या दरम्यान ये-जा करणारी कंटेनर जहाजं, क्लास बी ट्रान्सपॉन्डर (लहान बोटींसाठीचं एआयएस यंत्र) लावलेले ट्रॉलर. एक साधा रिसीव्हर, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि काही शे ओळींचा पार्सर (आलेल्या डेटातून अर्थ काढणारा प्रोग्राम) एवढ्यावर रत्नागिरीसमोरचा समुद्र नकाशावर उमटतो.

असा पार्सर एका संध्याकाळी लिहून होतो आणि तो चालतोही. चालतो कारण येणारे संदेश बहुतेक वेळा सरळ असतात. पण १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर जे येतं त्याला ना सही असते, ना पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोय. ट्रान्समीटर हाती असलेला कुणीही तुमच्या प्रोग्रामपर्यंत हवे ते बिट पोचवू शकतो, आणि त्यासाठी त्याला तुमच्या नेटवर्कमध्ये शिरावंही लागत नाही. त्यामुळे एआयएसचा पार्सर लिहिताना, समोरचा माणूस आपला प्रोग्राम पाडायलाच बसलाय असं धरून चालावं. खालची पद्धत रस्ट या प्रोग्रामिंग भाषेसाठी आहे. सीमध्येही नियम हेच, फक्त तिथे चुकीची किंमत जास्त.

रस्ट काय सांभाळतं आणि काय नाही

२०१४ च्या हार्टब्लीड या त्रुटीत ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने पाकिटात लिहिलेली लांबी खरी मानली. पाकिटात मजकूर चार अक्षरांचा, लांबी मात्र ६४ किलोबाइटच्या आसपास लिहिलेली. प्रोग्रामने तेवढी मेमरी उचलून परत पाठवली आणि शेजारी पडलेल्या किल्ल्या-पासवर्ड त्यात गेले. लिलावात टोपलीवर काय लिहिलंय ते कुणी बघत नाही, मासळी ओतून बघतात. लांबीच्या रकान्याचंही तेच: हातात खरोखर किती बाइट आले ते मोजायचं, पाकीट काय सांगतं ते फक्त त्याच्याशी ताडून बघायचं.

सुरक्षित रस्टमध्ये तीच चूक केली तर शेजारची मेमरी बाहेर जात नाही, प्रोग्राम पॅनिक होतो, म्हणजे तिथेच थांबतो. हे चांगलंच, पण पुरेसं नाही. एका वाकड्या ओळीने पॅनिक होत असेल तर ती ओळ दर दहा सेकंदांनी पाठवणाऱ्याने तुमचं केंद्र बंदच पाडलं म्हणायचं. शिवाय तीन गोष्टी रस्ट गुपचूप होऊ देतं. एक, रिलीज बिल्डमध्ये (प्रत्यक्ष वापरायच्या प्रोग्राममध्ये) पूर्णांकांचा ओव्हरफ्लो पकडला जात नाही, आकडा गोल फिरून येतो. डीबगमध्ये पॅनिक, रिलीजमध्ये चुकीचं उत्तर. दोन, ‘ॲज’ वापरून मोठा आकडा लहान प्रकारात घातला की वरचे बिट न सांगता कापले जातात. तीन, मेमरी किती वाढू द्यायची यावर भाषेची कसलीच मर्यादा नाही. व्हेक्टर (लांबी वाढू शकणारी यादी) वाढत राहतो आणि एक दिवस ऑपरेटिंग सिस्टीम प्रोसेस मारते.

म्हणून सुरुवात कार्गोच्या (रस्टच्या बिल्ड-साधनाच्या) फाइलीपासून. रिलीज प्रोफाइलखाली ‘ओव्हरफ्लो-चेक्स’ चालू करा. यामुळे चुकीच्या उत्तराऐवजी पॅनिक मिळेल. तो उपाय नव्हे, मागचा बांध आहे. क्रेटच्या (रस्टच्या पॅकेजच्या) माथ्यावर ‘अनसेफ_कोड’ला ‘फॉरबिड’ लावा, म्हणजे मेमरीचे नियम डावलू देणारा ‘अनसेफ’ कोड चालणारच नाही. क्लिपी या कोड तपासणाऱ्या साधनाचे ‘इंडेक्सिंग_स्लायसिंग’, ‘अनरॅप_यूज्ड’, ‘अरिथमेटिक_साइड_इफेक्ट्स’ आणि ‘कास्ट_पॉसिबल_ट्रंकेशन’ हे चार लिंट (तपासणीचे नियम) पार्सरच्या मॉड्यूलमध्ये ‘डिनाय’वर ठेवा. पहिले दोन दिवस वैताग येतो. मग सवय होते की स्लाइसमधून काही काढायचं तर ‘गेट’, बेरीज-वजाबाकी करायची तर ‘चेक्ड_ॲड’ आणि ‘चेक्ड_सब’, प्रकार बदलायचा तर ‘ट्राय_फ्रॉम’.

वेगासाठी अनसेफ लागेल असं कुणी सांगितलं तर हिशेब दाखवा. एआयएसच्या एका चॅनलवर मिनिटाला २,२५० स्लॉट असतात, दोन्ही मिळून ४,५००, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ७५ संदेश. एकेक बिट हाताने उचलला तरी पायचा प्रोसेसर झोपलेलाच असतो.

थर वेगळे ठेवा

काम पाच टप्प्यांत होतं: बाइटच्या प्रवाहातून ओळ, ओळीतून रकाने, तुकड्यांतून अखंड बिट, बिटांतून संदेश, आणि संदेश बाहेरच्या जगात. प्रत्येक टप्प्याचं फंक्शन वेगळं. ते बाइटची स्लाइस (सलग तुकडा) घेतं आणि ‘रिझल्ट’ परत देतं. आत सॉकेट उघडत नाही, घड्याळ बघत नाही, लॉग लिहीत नाही. वेळ लागत असेल तर ती बाहेरून द्यायची. हे शुद्धतेचं खूळ वाटेल, पण पुढे फझिंगच्या (आपोआप बनवलेला वेडावाकडा डेटा देऊन प्रोग्राम तपासण्याच्या) वेळी यावरच सगळं अवलंबून असतं.

आणखी एक नियम आधीच ठरवा: पार्सर दुरुस्ती करत नाही. संदेश पूर्ण वाचता आला तर द्यायचा, नाही तर नकार. ‘रेखांश बिघडलाय, पण नाव तरी घेऊ’ असली दया दाखवली की अर्धवट संदेश प्रोग्रामभर फिरतात आणि पुढच्या प्रत्येक फंक्शनला पुन्हा तपासत बसावं लागतं.

बाइटपासून ओळीपर्यंत

रिसीव्हर सिरीयलवर असेल तर वेग बहुतेक ३८,४०० बॉड. यूडीपीवर (नेटवर्कच्या सुट्या पाकिटांतून) असेल तर ठरलेलं पोर्ट १०११०. सिरीयलवर ओळ कधीच एका घासात येत नाही, अर्धी आता आणि अर्धी नंतर येते. प्रोग्राम मध्येच चालू झाला तर पहिली ओळ हमखास अर्धवट असते, आणि पावसाळ्यात दिवसातून तीनदा लाइट जाते तिथे हे नेहमीचंच.

मानक लायब्ररीतलं ‘लाइन्स’ इथे वापरू नका. त्याला लांबीची मर्यादा नाही. नवी ओळ न पाठवता नुसते बाइट ओतत राहिलं की बफर फुगत जातो. शिवाय ते यूटीएफ-८ मागतं, एक खराब बाइट आला की चूक परत करतं, आणि तुम्ही प्रश्नचिन्हाने ती वर ढकललीत तर वाचणारा लूपच संपतो. ठरावीक ५१२ बाइटचा ॲरे घ्या. एनएमईए ०१८३ या, जहाजावरच्या उपकरणांच्या संवादाच्या प्रमाणात ओळीची मर्यादा ८२ वर्णांची आहे, पण काही रिसीव्हर ओळीआधी वेळ आणि केंद्राचं नाव असलेला टॅग ब्लॉक जोडतात, म्हणून थोडी ढील. ५१२ भरले आणि ओळ संपली नाही तर ‘टाकून दे’ अवस्थेत जा: पुढची नवी ओळ दिसेपर्यंत येईल ते सोडून द्या, मग नव्याने सुरू. इथे बफर रिकामा करून लगेच वाचायला लागणं ही नेहमीची चूक आहे. त्यामुळे लांबलचक कचऱ्याची शेपटी स्वतंत्र ओळ म्हणून आत शिरते, आणि त्या शेपटीत काय ठेवायचं हे पाठवणारा ठरवतो.

यूडीपीत एका पाकिटात अनेक ओळी असू शकतात. बफर लहान पडला तर लिनक्सवर उरलेला भाग गुपचूप गळतो, विंडोजवर चूक मिळते. म्हणून २,०४८ बाइटचा बफर ठेवा आणि पाकिटाच्या शेवटी अर्धवट ओळ उरली तर पुढच्या पाकिटाला जोडू नका, फेका. सॉकेट १२७.०.०.१ ला, म्हणजे त्याच यंत्राच्या आतल्या पत्त्याला, बांधा. रिसीव्हर दुसऱ्या यंत्रावर असेल तर त्याच्याच पत्त्यावरून आलेली पाकिटं घ्या, पण यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो हे धरूनच.

ओळीतले सात रकाने

ओळ उद्गारचिन्हाने सुरू होते, स्वल्पविरामांनी तुटते. पहिला रकाना प्रकाराचा (एआयव्हीडीएम किंवा स्वतःच्या जहाजासाठी एआयव्हीडीओ), दुसरा एकूण तुकडे, तिसरा हा कितवा तुकडा, चौथा ० ते ९ मधला क्रम-आकडा (संदेश एकाच तुकड्याचा असेल तर मोकळा), पाचवा चॅनल, सहावा खरा मजकूर, सातवा भरतीचे बिट (शेवटचा वर्ण पुरा करायला घातलेल्या रिकाम्या बिटांची संख्या). मग तारा (*) आणि दोन हेक्स आकड्यांचा चेकसम. रकाने बरोबर सात हवेत. सहा किंवा आठ असले की नकार.

या टप्प्यावर बाइटवरच काम करा, ‘स्ट्र’ करू नका. रस्टमध्ये मजकुराची स्लाइस अनेक बाइटच्या अक्षराच्या मधोमध कापली की पॅनिक होतं; कुणी ओळीत देवनागरी ‘अ’ घुसवला की तेवढ्याने प्रोग्राम पडतो.

चेकसम म्हणजे उद्गारचिन्ह आणि तारा यांच्यामधल्या सगळ्या बाइटांचा एक्सऑर. तो वाचताना एक बारीक खड्डा आहे: ‘फ्रॉम_स्ट्र_रॅडिक्स’ पुढे अधिकचं चिन्ह चालवून घेतं. म्हणजे ताऱ्यापुढे ‘+५’ आलं तरी ते ५ म्हणून पास होतं. आकड्यांसाठीच्या ‘पार्स’चंही तसंच. आपल्याला फक्त ० ते ९ आणि ए ते एफ हवेत, तर हाताने ‘मॅच’ लिहा. सहा ओळींचं काम आहे. ताऱ्यानंतर नेमके दोन वर्ण, त्यापुढे ओळ संपलीच पाहिजे.

चेकसम जुळला म्हणजे ओळ भरवशाची झाली असं मात्र नाही. एक बाइटचा एक्सऑर वायरीतला गोंधळ पकडतो. मुद्दाम बनवलेल्या ओळीचा चेकसम बनवणाऱ्याने बरोबरच काढलेला असतो. तुमच्या कोडमध्ये ‘चेकसम तपासला आहे, म्हणून इथे अनरॅप चालेल’ अशी टिप्पणी कुठे दिसली तर ती ओळ आधी दुरुस्त करा.

चॅनलच्या रकान्यात ए किंवा बी असतो, पण काही यंत्रं १ किंवा २ लिहितात, काही मोकळा सोडतात. हे पाचही चालू द्या, बाकी सगळं नाकारा. एकूण तुकडे १ ते ५. तुकड्याचा क्रमांक १ पासून सुरू होतो आणि एकूणपेक्षा मोठा नसतो. इथे शून्य तपासायला विसरलात तर ॲरेची जागा काढताना ‘क्रमांक वजा १’ होईल आणि बिनचिन्हाचा आकडा शून्याखाली जाईल. भरतीचे बिट ० ते ५. शेवटचा तुकडा सोडून इतरत्र शून्यच.

सहा बिटांचं सोलणं

मजकुरातला प्रत्येक वर्ण सहा बिट धरतो. जालावर मिळणारं सूत्र असं: वर्णाच्या आकड्यातून ४८ वजा करा, उत्तर ४० पेक्षा मोठं असेल तर आणखी ८ वजा करा. योग्य मजकुरावर ते अचूक आहे आणि अयोग्य मजकुरावर घातक.

वैध बाइट दोनच पट्ट्यांत येतात: ४८ ते ८७, ज्यांचे ० ते ३९ होतात, आणि ९६ ते ११९, ज्यांचे ४० ते ६३ होतात. मधले ८८ ते ९५ अवैध आहेत, पण सूत्र त्यांनाही उत्तर देतं. ८८ चे ४०, ८९ चे ३३. म्हणजे दोन वेगळ्या ओळींतून एकच संदेश निघतो, आणि पुनरावृत्ती गाळणारा तुमचा कोड फसतो. ४८ खालचा बाइट, उदाहरणार्थ ४० चा उघडा कंस, आला की वजाबाकी शून्याखाली जाते आणि रिलीजमध्ये २४८ होतात. त्यातून ८ गेले, उरले २४०. सहा बिटांच्या जागेत आठ बिटांचा आकडा. पुढे तो सरकवून शेजारच्याशी ‘ऑर’ केला की बाजूच्या रकान्याचे बिट बिघडतात. म्हणून सूत्र सोडा आणि दोन पट्ट्यांचा ‘मॅच’ लिहा, तिसरी शाखा थेट चूक.

एकूण बिट म्हणजे वर्ण गुणिले सहा, वजा भरतीचे बिट. मजकूर रिकामा आणि भरती २ असं कुणी पाठवलं तर? शून्यातून दोन. ‘चेक्ड_सब’ इथे शोभेला नाही.

तुकडे जोडणं

जहाजाचं नाव, कॉल साइन, कुठे चाललंय ही माहिती प्रकार ५ च्या संदेशात असते. तो ४२४ बिटांचा, म्हणजे ७१ वर्ण आणि २ बिट भरती, आणि एका ओळीत मावत नाही म्हणून दोन ओळींत येतो. मेमरी संपवण्याचे हल्ले याच ठिकाणी होतात: पहिला तुकडा पाठवायचा आणि दुसरा कधीच नाही, पुन्हा नवा पहिला, पुन्हा नवा.

हॅशमॅप नको. क्रम-आकडे दहाच, चॅनल तीन (ए, बी, माहीत नाही), म्हणून प्रत्येक स्रोतासाठी ३० खणांचा ठरावीक ॲरे. १ आणि २ लिहिणाऱ्या यंत्रांचे चॅनल आधीच ए आणि बी करून घ्या. तुकडा १ आला की तो खण मोकळा करून नव्याने भरायचा. पुढचा तुकडा नेमका पुढच्या क्रमांकाचाच हवा आणि त्यातला ‘एकूण’ पहिल्याशी जुळायला हवा. जरा जरी फरक असेल तर खण रिकामा करा आणि चूक मोजा. दोन सेकंदांत संच पुरा झाला नाही तर शिळा समजा. यूडीपीवर क्रम उलटला तर या कडक नियमाने एखादा संदेश जाईल. जाऊ दे, प्रकार ५ दर सहा मिनिटांनी पुन्हा येतोच. क्रम जुळवायची हुशारी केली की दहा कडेच्या शक्यता तपासायला लागतात, आणि बग तिथेच राहतात.

जोडलेल्या मजकुराची एकूण मर्यादा १,२८० बिट. एका संदेशाला जास्तीत जास्त पाच स्लॉट आणि स्लॉट २५६ बिटांचा, म्हणून यापेक्षा मोठा खरा संदेश असूच शकत नाही.

दोन सेकंद मोजायला ‘इन्स्टंट’ घ्या, ‘सिस्टीमटाइम’ नको. पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाइट जाऊन आली की यंत्र जुनी वेळ घेऊन उठतं आणि इंटरनेट आल्यावर घड्याळ एकदम पुढे उडी मारतं. त्या उडीत तुमचे सगळे खण एकदम शिळे ठरतात.

बिट वाचणारं एकच फंक्शन

सगळा बिटांचा व्यवहार एका फंक्शनमधून जाऊ द्या. त्याचा सांगाडा असा:

बिट्स(सुरुवात, रुंदी):
— रुंदी १ ते ३२ च्या बाहेर असेल तर चूक
— शेवट = सुरुवात.चेक्ड_ॲड(रुंदी), जमलं नाही तर चूक
— शेवट > एकूण_बिट असेल तर चूक
— उत्तर = ०
— सुरुवातीपासून शेवटाच्या आधीपर्यंत प्रत्येक क्रमांकासाठी:
—— षटक = डेटा.गेट(क्रमांक ÷ ६). नसेल तर चूक
—— बिट = षटक उजवीकडे (५ − क्रमांक % ६) घरं सरकवून, शेवटचा बिट
—— उत्तर = उत्तर एक घर डावीकडे सरकवून, त्यात बिट

‘एकूण_बिट’ तपासून झाल्यावर ‘गेट’ फसणं शक्य नाही, तरी तिथे चौकोनी कंस घालू नका. कुणीतरी पुढच्या वर्षी वरची तपासणी बदलेल.

चिन्हाच्या आकड्यांसाठी वेगळं फंक्शन, आणि इथे कोकणातल्या माणसासाठी एक खास सापळा आहे. रेखांश २८ बिटांचा चिन्हासहित आकडा असतो, एका अंशाचे ६,००,००० भाग. रत्नागिरीजवळचा ७३.३० पूर्व म्हणजे ४,३९,८०,०००. चिन्हाचा बिट पसरवायला विसरलात तरी पूर्व रेखांश आणि उत्तर अक्षांश अगदी बरोबर येतात. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही बसून वर्षभर खरा डेटा बघितलात तरी ही चूक दिसणार नाही. मग कुणी तुमचं क्रेट पोर्तुगालमध्ये वापरतं आणि १० पश्चिमेचं जहाज ४३७.३९ अंशांवर जातं. म्हणून ऋण आकड्यांच्या चाचण्या हाताने लिहा: −१०, −१८०, आणि −१ एकक. पसरवायची रीत सोपी: आकडा ३२ बिटांच्या चिन्हासहित प्रकारात घ्या, ४ घरं डावीकडे, मग ४ घरं उजवीकडे. अक्षांश २७ बिटांचा, तिथे ५ घरं.

२८ बिटांत २२३ अंशांपर्यंतचे आकडे मावतात, पण पृथ्वीवर १८० नंतर काही नाही. १८१ अंश (१०,८६,००,०००) म्हणजे ‘माहीत नाही’ आणि अक्षांशात ९१ अंश (५,४६,००,०००) म्हणजे ‘माहीत नाही’. हे दोन आकडे ‘नन’ (रस्टमध्ये ‘किंमत नाही’) करा, बाकी हद्दीबाहेरचे नाकारा. वेगात १०२३ म्हणजे माहिती नाही, १०२२ म्हणजे १०२.२ नॉट किंवा जास्त. दिशेत ३६०० आणि हेडिंगमध्ये ५११ हे ‘माहीत नाही’. हे विशेष आकडे साध्या आकड्यांसारखे पुढे गेले की नकाशावर १०२.३ नॉटने धावणारा बार्ज दिसतो.

एमएमएसआय, म्हणजे जहाजाचा ओळख-क्रमांक, ३० बिटांचा, म्हणजे १०७ कोटींपर्यंत जातो. खरा क्रमांक नऊ आकडी. ९९,९९,९९,९९९ च्या वर असेल तर नकार. भारतीय जहाजांचे ४१९ ने सुरू होतात, पण तेवढ्यावरून गाळू नका. जाळ्याच्या बोयाला बांधायच्या स्वस्त उपकरणांत मनाला येतील ते क्रमांक असतात आणि तेही समुद्रात खरोखर असतात.

लांबीबद्दल थोडं सैल राहावं लागतं. प्रकार १, २, ३ आणि १८ (जहाजाची जागा सांगणारे; १८ हा क्लास बीचा) हे १६८ बिटांचे. कमी असतील तर नकार, जास्त असतील तर शेपटी सोडा. प्रकार ५ प्रमाणात ४२४ बिटांचा आहे, पण ४२२ किंवा ४२६ बिट पाठवणारी यंत्रं आहेत. गंतव्याचं नाव ४२१ क्रमांकाच्या बिटावर संपतं, म्हणून किमान ४२२ धरा. प्रकार २४ मध्ये (क्लास बीचं नाव वगैरे माहिती) भागाचा आकडा दोन बिटांचा असतो. ० आणि १ ला अर्थ आहे, २ आणि ३ ला नाही. जहाजाची अवस्था चार बिटांत येते, तिचा एनम (ठरावीक किमतींचा प्रकार) करताना ‘ट्रान्सम्यूट’चा (बिट न तपासता तसेच दुसऱ्या प्रकारात घालण्याचा) मोह टाळा. एनममध्ये नसलेली किंमत तशी घातली की रस्टमध्येही अपरिभाषित वर्तन होतं. सोळाही शाखांचा ‘मॅच’ लिहा.

जहाजाचं नाव म्हणजे परका मजकूर

नाव वीस वर्णांचं, गंतव्यही वीस. सहा बिटांच्या या लिपीत मोठी इंग्रजी अक्षरं आणि आकडे येतात, तसेच दोन्ही टोकदार कंस, एकेरी-दुहेरी अवतरण, अर्धविराम आणि बरोबरचं चिन्हही येतं. ॲटचं चिन्ह आलं की मजकूर संपला. त्यापुढचं काही घेऊ नका आणि शेवटच्या मोकळ्या जागा काढा.

पार्सरच्या दृष्टीने हे सगळे वर्ण वैध आहेत, त्याने ते गाळू नयेत. पण नकाशाच्या पानावर नाव थेट एचटीएमएलमध्ये चिकटवलंत तर स्क्रिप्टचा टॅग वीस वर्णांत मावतो, आणि एचटीएमएलला मोठ्या अक्षरांचं वावडं नाही. डेटाबेसला पॅरामीटरनेच द्या. सीएसव्ही करून कुणाला एक्सेलमध्ये द्यायची असेल तर बरोबर, अधिक किंवा उणेने सुरू होणारं नाव सूत्र म्हणून चालतं, त्याआधी एकेरी अवतरण लावा. नाकारलेली कच्ची ओळ लॉगमध्ये लिहायची तर ‘एस्केप_ॲस्की’मधून, नाही तर टर्मिनल रंगवणारे बाइट तुमच्याच स्क्रीनवर चालतील. आणि लॉगला मिनिटाला दहा ओळींची मर्यादा घाला, मेमरी कार्ड भरून टाकणं हाही हल्लाच आहे.

अंतरावरून संदेश नाकारू नका. पावसाळा सोडता अरबी समुद्रावर हवेचे असे थर बसतात की व्हीएचएफ शेकडो किलोमीटर वाहत येतं. क्षितिजापलीकडचं जहाज खोटंच असेल असं नाही. संशयाची खूण वेगळ्या रकान्यात ठेवा.

फझिंग

‘कार्गो-फझ’ला नाइटली टूलचेन लागते. पूर्ण ओळीवर फझर सोडलात तर बराच वेळ तो चेकसमच्या दारातच अडकतो, म्हणून प्रत्येक थराला वेगळं लक्ष्य द्या: एक ओळ वाचणाऱ्याला, एक तुकडे जोडणाऱ्याला, एक थेट बिटांच्या डिकोडरला. पूर्ण साखळीचं चौथं हवंच असेल तर हार्नेसमध्येच (फझरला पार्सर जोडणाऱ्या कोडमध्ये) चेकसम मोजून जोडा. बियाणं म्हणून प्रत्येक प्रकारच्या पाच-सहा खऱ्या ओळी पुरतात.

पॅनिक होत नाही एवढंच बघू नका. तीन नियम हार्नेसमध्ये तपासा. प्रवाह कुठेही तोडून दिला तरी निघणारे संदेश तेच राहिले पाहिजेत. ‘टाकून दे’ अवस्थेतल्या चुका यातच सापडतात. वाचलेला संदेश पुन्हा बिटांत लिहून पुन्हा वाचला तर सारखाच हवा. आणि जोडणाऱ्याच्या खणांत मिळून किती बाइट आहेत तो आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर कधीच जाऊ नये. रात्रभर चालू ठेवा, सापडलेली प्रत्येक फाइल साध्या चाचण्यांत कायमची टाका.

प्रत्यक्ष चालवताना प्रोग्रामला वेगळा वापरकर्ता द्या, सिरीयलसाठी फक्त ‘डायलआउट’ गट, आणि सिस्टीमडीच्या फाइलीत ‘मेमरीमॅक्स’ ६४ मेगाबाइट. वर सांगितल्याप्रमाणे लिहिलेला पार्सर त्याच्या जवळपासही जात नाही.

चुका मोजा, प्रकारानुसार

चुकांचा एनम नुसता छापू नका, प्रत्येक शाखेला मोजणी ठेवा: लांब ओळ, रकाने, चेकसम, सहा बिट, तुकडे, लांबी, हद्द. हे आकडे कोकणातल्या हवेत वेगळ्याच कामाला येतात. रेडिओवरचा गोंधळ रिसीव्हर आपल्या १६ बिटांच्या सीआरसीने (चेकसमसारख्याच, पण जास्त कडक तपासणीने) आतच गाळतो. त्यामुळे एनएमईएचे चेकसम चुकायला लागले तर दोष रिसीव्हर आणि पायच्या मधल्या वायरीत, बॉडच्या आकड्यात किंवा वीजपुरवठ्यात शोधा. चेकसम ठीक आहेत, पण संदेशच घटलेत, तर वर गच्चीत जाऊन कोॲक्सचा कनेक्टर उघडा. खारी हवा आणि पाऊस मिळून तांबं हिरवं करतात. तुलना करताना प्रकार १ ते ३ चेच आकडे धरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला असतात, आणि प्रकार १८ चे संदेश त्या दोन महिन्यांत कनेक्टर कोरडा ठणठणीत असला तरी कमीच येणार.